पेशींची खुशाली विचारणारे मामा

आमच्या शेजारचे साळुंके मामा कुणालाही ‘कसे आहात?’ असं विचारत नाहीत. ‘पेशी काय म्हणतात?’ असं विचारतात. दूधवाला, पोस्टमन, सोसायटीत नवी आलेली सून, कुणाचीच सुटका नाही. वाळूजच्या कारखान्यात तीस वर्षं बॉयलर सांभाळून ते निवृत्त झाले आणि नातीची जीवशास्त्राची पुस्तकं घेऊन बसले.

“खवळलेली पेशी साखर भसाभस जाळती, बाई. शांत पेशी चरबी सावकाश जाळती.” क्रांती चौकात उगाच हॉर्न वाजवणाऱ्याला ‘साखर जाळू नको रं’ असं त्यांनी बजावलेलं मी स्वतः ऐकलंय.

मी हसायचे. मग गेल्या वर्षी माझी बोटं सुजली. सकाळी नळ फिरवता येईना. डॉक्टरांनी आमवात सांगून गोळ्या दिल्या. थोडं बरं वाटताच मी त्या बंद केल्या आणि मैत्रिणीनं दिलेली, प्रतिकारशक्ती वाढवणारी पावडर सुरू केली. काही दिवसांत मनगटं टम्म!

मामांनी पावडरचा डबा नाकाशी धरला.

“काय वाढवायलाव? तुमची शक्ती कमी नाय, लई झालीय! घरात चोर नाय, अन् शिपाई तुमच्याच सांध्यावर लाठ्या चालवायलेत. त्यांनाच खुराक?”

“मग पथ्यानं नाही का भागणार, मामा?”

“खाण्याचा फरक पडतो, व्हय. पण ही आग नुसत्या पथ्यानं इझत नाय. चला डॉक्टरकडं.”

स्कूटरवर मागं बसवून त्यांनी मला नेलं. नंबर येईपर्यंत रांगेतल्या प्रत्येकाच्या पेशींची विचारपूस झाली. मी लाजून मेले. डॉक्टर मला रागावले, गोळ्या पुन्हा सुरू झाल्या. बोटं मोकळी व्हायला चार-पाच महिने लागले.

मग एका दुपारी मी पिठलं-भाकरी घेऊन आभार मानायला गेले. मामांनी भाकरी उचलली आणि नुसतीच हातात धरून बसले.

“पातळ झालीय,” ते म्हणाले. “आमच्या हिच्या शेवटी शेवटी जाड व्हायच्या. एकदा मी शिफ्टचा डबा तसाच परत आणला. आळस करती म्हणलो. ती काहीच बोलली नाय.”

मी पिठल्याची वाटी त्यांच्यापुढं सरकवली.

“ती गेल्यावर नातीच्या पुस्तकात सुजलेल्या सांध्यांचं चित्र पाह्यलं. बाई, मी तो हात ओळखला.”

मामींना मी कधी पाहिलं नव्हतं. निघताना भिंतीवरच्या त्यांच्या फोटोपुढं हात जोडले. दहाही बोटं सरळ जुळली.