रावसाहेबांचं पोलंड

पोलंडबद्दल काहीही विचारायचं असेल, तर अख्ख्या सोलापुरात एकच माणूस होता : रावसाहेब! म्हणजे, असं रावसाहेबांचंच म्हणणं होतं. उभा जन्म अक्कलकोट रोडच्या कारखान्यात टॉवेलांच्या घड्या तपासण्यात गेला, तासाभरावरच्या मोडनिंबच्या पुढं पाऊल पडलं नाही. पण मुलगा सुमित पोलंडला नोकरीला लागला आणि जाताना भिंतीवर मोठा टीव्ही लावून गेला. "आप्पा, जगातले सगळे चॅनेल दिसतात यात. करमेल तुम्हाला."

बायको गेल्यापासून घरात बोलायला भिंतीच होत्या. रावसाहेबांनी ठरवलं, पोराच्या देशाचंच चॅनेल बघायचं. फोनवर बोलायला काही विषय नको? नाहीतर "जेवलास का?"च्या पुढं गाडी सरकतच नसे!

यादीत प्रत्येक देशाचा झेंडा होता. सुमितनं ऑफिससमोरच्या झेंड्याचा फोटो पाठवला होता : वर पांढरा, खाली लाल. यादीत लाल वर आणि पांढरा खाली सापडला. लावताना उलटा लावला असेल! टॉवेल कुठूनही धरला तरी टॉवेलच, असा रावसाहेबांचा आयुष्यभराचा अनुभव.

"पोलंड म्हंजे निव्वळ कोकण बगा," ते शेजारच्या गौरम्मांना सांगायचे. "नारळ काय, भात काय! गडी लुंग्या नेसत्यात!"

मग सुमितला फोन. "तितं लई ऊन हाय. स्वेटर घालू नकोस."

"हो आप्पा."

"नारळपाणी पीत जा."

"हो आप्पा. ठेवू?"

एवढा शिकलेला पोरगा, पण बापाचा शब्द खाली पडू देत नाही! रावसाहेबांची छाती फुगायची.

आणि जानेवारीतल्या एका दुपारी टीव्हीत डोंगर फुटला! धूर, राख, माणसं सैरावैरा पळतायत. रावसाहेबांच्या हातातलं ताट खाली पडलं. लगेच फोन लावला.

"सुमित! डोंगर फुटलाय रं!"

"हो आप्पा."

"तू बरा हायस न्हवं?"

"हो आप्पा. मीटिंगमध्ये आहे."

"पोरानं धसका घेतलाय!" रावसाहेब दारात येऊन ओरडले. गौरम्मा "अय्यो!" म्हणून धावल्या, त्यांच्यामागून गल्ली धावली. रिक्षावाल्या शिवराजनं रिक्षा थेट उंबऱ्याला लावली. "बसा! कलेक्टर ऑफिसलाच जाऊ! विमान पाठवाया लावू!" रिक्षात रावसाहेब, गौरम्मा आणि आणखी कोण कोण कोंबले गेले, तेवढ्यात रावसाहेबांची भाची प्रतीक्षा शाळेतून आली. ती भूगोल शिकवते. तिनं आत जाऊन टीव्ही बघितला आणि बाहेर येऊन कपाळाला हात लावला.

"मामा, ह्यो इंडोनेशिया हाय! सुमितकडं आत्ता बर्फ पडतंय!"

मग गल्ली जी हसत सुटली! शिवराज तर हँडलवर डोकं ठेवून हसला. रावसाहेबही हसले, सगळ्यांपेक्षा मोठ्यानं. सगळ्यांनी गौरम्मांकडं चहा घेतला आणि आपापली घरं गाठली.

घरात एकटे उरल्यावर रावसाहेबांच्या डोक्यात हळूहळू उजेड पडला. बर्फात नारळपाणी पी म्हटलं, तरी "हो आप्पा"? स्वेटर घालू नको म्हटलं, तरी "हो आप्पा"? त्यांनी पुन्हा फोन लावला.

"सुमित, न्हाणीघरात हत्ती शिरलाय."

"हो आप्पा. ठेवू?"

"ठेव बाबा."

फार वाईट वाटलं त्यांना. डोंगर फुटला तेव्हा निदान भीती तरी होती. आता तीही नव्हती.

जाताना प्रतीक्षा खरं पोलंड लावून गेली होती. पांढरेफटक रस्ते, आणि नुसतं नाक दिसेल इतके कपडे घातलेला एक माणूस घाईघाईनं काहीतरी सांगत होता. रावसाहेबांनी थोडा वेळ त्या गर्दीत सुमित शोधला. मग चॅनेल बदललं.

इकडं इंडोनेशियाच्या चॅनेलवर डोंगराच्या बातम्या संपून रोजची स्वयंपाकवाली बाई आली होती. तिनं भात परतला, मिरच्या टाकल्या आणि सरळ रावसाहेबांकडं बघत, हसून काहीतरी विचारलं. एक शब्द कळेल तर शपथ! तरी त्यांनी शेवटपर्यंत ऐकून घेतलं.

"न्हाय बाई, अजून जेवलो न्हाय," रावसाहेब म्हणाले, आणि भात लावायला उठले.