राहेलमावशीचा तांब्या

हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. पापनिवेदन करतानाही गिळलं. देवापुढचं पाणी मी चोरून पीत होतो.

पाणी ठेवायची राहेलमावशी. औशाजवळच्या आमच्या पत्र्याच्या चर्चमध्ये रोज सकाळी क्रुसाखाली भरलेला पितळी तांब्या. का, तर "क्रुसावर तहान लागली म्हणाला की त्यो. तवा आंबट काहीबाही पाजलं मेल्यांनी. आता तरी कुणी पाजाया नको का?"

मी फादर, वसईचा. आमच्याकडे बाकं, पायांत बूट, पेटीवरची संथ गाणी. इथं चपला दाराबाहेर, बसणं सतरंजीवर आणि गाण्याला टाळ. मावशी आंध्राच्या सीमेलगतच्या बिलोलीकडची, प्रार्थनेत जीव भरून आला की तेलुगूत शिरायची. हटकलं तर म्हणायची, "त्याला समदं कळतंय. तुमाला न्हाई कळत, त्याला त्यो काय करंल?"

लातूर नुकता जिल्हा झाला होता. "कलेक्टर आला म्हणं. संगट पाऊस न्हाई आणला?" हा मावशीचाच सवाल. टँकरचं पाणी घरटी दोन घागरी. उपवासकाळात मी प्रवचनात ऐटीत जाहीर केलं, की फादर एकाच घागरीवर राहतील, दुसरी गावाला. लोक भारावले. आठवड्यात माझा घसा कोरडाठाक. मग दुपारी गाव आडवं झालं, की चर्चमध्ये जायचं, तांब्या तोंडाला लावायचा आणि गुडघे टेकायचे.

वर मीच तिला बोललो, "मावशी, ही पाण्याची नासाडी आहे."

"नासाडी कशी? सांजच्याला रिकामा असतोय की!"

दुसऱ्या दुपारी मी पुन्हा तांब्या तोंडाला लावला.

पुढं मला कावीळ झाली, तेव्हा ते पाणी उकळलेलं असायचं. देवाला उकळलेलं कशाला, हे मला सुचलं नाही. त्या तांब्यातलं पाणी मावशीच्या स्वतःच्या वाट्याचं, हे तिच्या सुनेनं सांगितलं, तेही माझी बदली झाल्यावर.

निघायच्या दिवशी औशाच्या स्टँडवर मावशी आली. ओल्या फडक्यात गुंडाळलेला तोच तांब्या तिनं खिडकीतून माझ्या हाती दिला.

"असू द्या, फादरबाबा. वाटंत देवाला तहान लागली तर."

माझ्याकडे न बघताच बोलली. एसटी हलली.

आता बाकांच्या चर्चमध्ये मीही क्रुसाखाली तो तांब्या भरून ठेवतो. कुणी विचारलं, तर मावशीचंच उत्तर देतो. मावशी अजून आहे, कानांनी थकली आहे. पाणी मीच पीत होतो, हे तिला तोंडानं सांगायचं आणि तिचे आभार मानायचे, एवढं माझ्याकडून राहिलं आहे.