बेचाळीस मीटरांची चाचणी

गाडी सुटली त्या क्षणी मी फाटकाशी उभी होते आणि माझी नजर हातातल्या स्टॉपवॉचवर होती. त्यामुळे पहिल्या नऊ सेकंदांत काय घडले ते मी प्रत्यक्ष पाहिलेले नाही. ऐकले ते असे: इंजिनाचा आवाज, सासऱ्यांची एक हाक, पत्र्यावर काहीतरी आदळल्याचा दणका आणि नंतर नणंदेचे हसणे. हा क्रम मी त्याच दिवशी लिहून ठेवला. घरातले बाकीचे वेगळा क्रम सांगतात, पण त्यांच्यापैकी कोणीही काहीही लिहून ठेवलेले नाही.

मी वजनमापे तपासणाऱ्या प्रयोगशाळेत काम करते. समोर ठेवलेला किलो खरोखर किलो आहे की नाही हे पाहून तसे प्रमाणपत्र देणे हा माझा व्यवसाय आहे. (हा व्यवसाय घरी करू नये, असे लग्नानंतर पहिल्याच आठवड्यात नवऱ्याने सुचवले होते. सूचना तोंडी होती.) माझे सासरे याच्या अगदी उलट वळणाचे. बसदुरुस्तीच्या कारखान्यात त्यांनी चौतीस वर्षे फिटर म्हणून काढली आणि त्या काळात एकदाही काही मोजले नाही, असे ते अभिमानाने सांगतात. नट किती आवळायचा हे त्यांना मनगट सांगते. बेअरिंग गेले की नाही ते कान सांगतो.

अडचण अशी, की अठ्ठ्याहत्तराव्या वर्षी मनगट थरथरू लागले. आधी पायावर पाना पडला. मग खिळ्यासाठी भिंतीत भोक पाडताना ड्रिल इतके आत गेले, की पलीकडच्या खोलीतला आरसा फुटला. डॉक्टर फक्त "जरा जपून" एवढेच म्हणाले होते. त्या दोन शब्दांचे सविस्तर नियम मी तयार केले. त्यांची हिरवी लोखंडी हत्यारपेटी शेडमध्ये कुलूपबंद झाली आणि तिची एकुलती एक किल्ली माझ्याकडे आली. हा निर्णय सगळ्या घराने मिळून घेतला. म्हणजे मी तो मांडला आणि बाकीचे गप्प बसले.

त्यानंतर चार महिने सासरे जेवताना मिठाखेरीज काही मागेनात. कोणी काही विचारले तर "बरं" म्हणत. अखेर ती पेटी तंत्रशाळेला देऊन टाकावी असे ठरले. महिन्याभराने तंत्रशाळेची गाडी ती न्यायला यायची होती. ते ठरले त्या रात्रीच्या जेवणाला सासऱ्यांनी मीठ मागितले नाही.

"एक काम करतो," ते म्हणाले. "जमलं तर पेटी राहील. नाही जमलं तर मीच उचलून त्यांच्या गाडीत ठेवीन. मग पुन्हा नाव काढणार नाही."

नवरा आपल्या ताटाकडे पाहत राहिला. (तो ग्रंथपाल आहे. शांतता भंग न करणे हा त्याच्या नोकरीचाच भाग आहे.) मी काम कोणते ते विचारले.

काम म्हणजे शेडच्या कोपऱ्यात ताडपत्रीखाली पडलेली गो-कार्ट. अडतीस वर्षांपूर्वी सासऱ्यांनी आपल्या दोन्ही मुलांसाठी पाण्याचे पाइप आणि फवारणीच्या पंपाचे इंजिन जोडून ती बनवली होती. मुले मोठी झाली आणि गाडीला कोणी विचारीना. आता सीटमध्ये उंदरांनी संसार थाटला होता, चारही टायर जमिनीला टेकून निजले होते आणि मागचा एक्सल, म्हणजे दोन्ही मागची चाके ज्यावर बसतात तो लोखंडी दांडा, वाकून बेअरिंगांसकट गंजला होता. चाक हाताने फिरवू गेले तर सगळी गाडी उचलली जाई. एक्सल नव्याने बसवून ती चालवून दाखवायची, असे सासऱ्यांचे म्हणणे.

मी एका पानाचा करार टाइप केला. सासऱ्यांनी माझ्यासमोरच हत्याराला हात लावावा, निघालेल्या प्रत्येक भागाला मी चिठ्ठी लावीन, जोडणी चिठ्ठीप्रमाणेच व्हावी, अंदाजाने काहीही बसवू नये, आणि शेवटी एक माणूस बसवून गाडी स्वतःच्या इंजिनावर बेचाळीस मीटर जावी. शेडपासून फाटकापर्यंतचे अंतर बेचाळीस मीटर आहे. (मी ते तीनदा मोजले. तिसऱ्यांदा एक सेंटिमीटर जास्त भरले. तो फरक मी टेप ढिली धरणाऱ्या नवऱ्याच्या नावे टाकला.) सासऱ्यांनी सही केली. हात थरथरला, पण सही वाचता येत होती.

पहिल्या रविवारी खोलणी झाली. मापनशास्त्राचा एक प्राथमिक नियम असा, की निरीक्षकाने आपली जागा बदलू नये. म्हणून शेडच्या दाराशी खडूने एक चौकोन आखून मी त्यात उभी राहिले. सासरे एकेक भाग काढून देत आणि मी त्याला चिठ्ठी चिकटवी: चाक डावे, चाक उजवे, बेअरिंग डावे, बेअरिंग उजवे. इंजिनाच्या चौकोनी पाटावरही दोन्ही कडांना चिठ्ठ्या लावल्या. एकूण अडुसष्ट झाल्या. सांगाड्याला चिठ्ठी लावली नाही, कारण सांगाडा कुठे जाणार नव्हता.

"याला कशाला चिठ्ठ्या," सासरे एकदाच म्हणाले. "माझ्या हातची गाडी आहे."

मी त्यांना कराराचे कलम दाखवले. ते "बरं" म्हणाले.

दुसऱ्या रविवारपर्यंत लेथवाल्याने नवा दांडा कातून दिला. सासऱ्यांनी गंज खरवडला, बेअरिंगे आणि टायर बदलले, पाइपांना रंग दिला. हे सगळे करताना त्यांचा हात थरथरत नव्हता, ही गोष्ट मी वहीत नोंदवली आणि तिच्यापुढे प्रश्नचिन्ह घातले. मागची बाजू अंधारात येत होती, म्हणून मीच गाडी फिरवून घ्यायला सांगितले. तिघांनी मिळून ती उचलली आणि नाक भिंतीकडे, पाठ दाराकडे अशी ठेवली. आता उजेड नेमका हवा तिथे पडत होता. मी पुन्हा माझ्या चौकोनात जाऊन उभी राहिले.

तिसऱ्या रविवारी जोडणी. सासऱ्यांनी एक्सल हातात घेऊन दोनदा उलटसुलट करून पाहिला.

"सूनबाई, चेनचं चक्र या अंगाला नव्हतं."

"चिठ्ठीवर काय आहे, बाबा?"

"डावे."

"मग डावीकडे बसवा."

त्यांनी माझ्याकडे पाहिले, चिठ्ठीकडे पाहिले, आणि एक्सल बसवला. तो चपखल बसला. मग त्याच हिशेबाने इंजिनही फिरवून बसवावे लागले, तेही बसले. चारही भोके जिथल्या तिथे आली. ही गाडी सासऱ्यांनी मुळातच दोन्ही बाजूंनी सारखी केली होती. ब्रेकही साधे: पेडल दाबले की दोन लाकडी ठोकळे मागच्या टायरांवर घासतात, एक इकडे, एक तिकडे. फक्त अ‍ॅक्सिलरेटरची तार आखूड पडू लागली.

"तार पुरत नाही," सासरे म्हणाले.

मी सांगितले, की अडतीस वर्षांत तार आखडू शकते. (धातू आखडण्याविषयी मी विद्यापीठात दोन सत्रे शिकले आहे. त्यातल्या कशावरूनही हे विधान करता येत नाही.) नवऱ्याने लांब तार आणून दिली. मागची चाके विटांवर अधांतरी ठेवून आम्ही इंजिन सुरू केले. चाके सुरेख फिरली. मिनिटाला किती फेरे होतात ते मी मोजून तक्त्यात भरले. कोणत्या दिशेने, हा रकाना तक्त्यात नव्हता.

चौथ्या रविवारी सकाळी चाचणी ठेवली. दुसऱ्या दिवशी तंत्रशाळेची गाडी येणार होती. गाडी चालवायला नणंद आली. लहानपणी ती चालवण्याचा हक्क तिचाच होता, असे ती म्हणते. नवरा ते मान्य करत नाही, पण तसे बोलतही नाही. ती शाळेत भूगोल शिकवते. गाडीचे नाक फाटकाकडे करून शेडच्या उंबऱ्यावर खडूची रेघ ओढली. सासऱ्यांनी इस्त्रीचा सदरा घातला होता. मी बेचाळीस मीटरांवर जाऊन उभी राहिले, हात वर केला, खाली केला आणि घड्याळ दाबले.

नऊ सेकंदांनी मान वर केली, तेव्हा समोर गाडी नव्हती. नणंद नव्हती. सासरे आणि नवरा माझ्याकडे पाठ करून शेडच्या आत बघत होते.

मी धावत गेले. गाडी उलटी सुटली होती. रेघेवरून निघून ती शेडमधून आरपार गेली, मागच्या पत्र्याच्या दाराला धडकली, दार सताड उघडले आणि ती परसातून सरळ कुंपणाशी वाळक्या पानांच्या ढिगात जाऊन बसली. नणंद स्टिअरिंग धरून, कमरेपर्यंत पानांत, आमच्याकडे तोंड करून हसत होती.

"वहिनी, झकास चालते गं," ती म्हणाली. "फक्त जायचं तिकडे पाठ करून बसावं लागतं."

तिला कुठे लागले नव्हते. मी दोनदा तपासून घेतले. मग मी गाडीकडे पाहिले, मग मनातल्या मनात माझ्या चौकोनात उभी राहिले, आणि मला कळले. चिठ्ठ्या लावताना गाडीचे नाक माझ्याकडे होते. जोडताना पाठ माझ्याकडे होती. मी जागा बदलली नव्हती. गाडीने बदलली होती. माझे डावे ते तिचे उजवे. सगळी मागची बाजू मी अत्यंत काटेकोरपणे उलटी करून घेतली होती. एखाददुसरी चिठ्ठी चुकली असती तर काहीतरी अडले असते. अडुसष्टच्या अडुसष्ट चुकल्या, म्हणून काहीच अडले नाही.

"बाबा, तुम्हांला माहीत होतं?"

"मी बोललो होतो. तू चिठ्ठी दाखवलीस."

एवढ्यात नवऱ्याने एक अनपेक्षित गोष्ट केली. त्याने टेप आणली, रेघेपासून पानांच्या ढिगापर्यंतचे अंतर मोजले (टेप या वेळी ताठ धरली होती) आणि खिशातून कराराचे पान काढून ग्रंथालयात वाचावे तशा आवाजात वाचले. गाडी स्वतःच्या इंजिनावर बेचाळीस मीटर जावी. कुठल्या दिशेला ते लिहिलेले नाही. ती त्रेपन्न मीटर साठ सेंटिमीटर गेली आहे. लग्नाला एकोणीस वर्षे झाली. माझ्या एखाद्या कागदातली चूक त्याने मोठ्याने वाचल्याची ही पहिलीच वेळ.

मी उत्तर जुळवत होते, पण सासरेच आधी बोलले.

"नाही. गाडी पुढं जायला हवी होती, ती मागं गेली. काम फसलं. उद्या पेटी न्या."

ते खाली बसून चेनला चिकटलेली पाने एकेक करून काढू लागले. आता त्यांचा हात थरथरत होता. नणंद हसायची थांबली. नवऱ्याने कागदाची घडी घातली. बोलायला कोणी उरले नव्हते, आणि जे बोलायचे होते ते फक्त मलाच बोलता येण्यासारखे होते.

मी चाचणीचा तक्ता घेतला. आमच्याकडे शेवटी शेऱ्याचा रकाना असतो. बावीस वर्षांच्या नोकरीत मी त्यात इतरांच्या शेकडो चुका लिहिल्या आहेत. त्या दिवशी लिहिले: काम निर्दोष. चूक तपासनिसाची. खाली सही केली आणि कागद सासऱ्यांपुढे धरला. त्यांनी चष्मा लावून तो दोनदा वाचला.

"मग एक्सल पुन्हा फिरवावा लागेल," ते म्हणाले.

"हो."

"त्याला पेटी लागेल."

मी किल्ली काढून त्यांच्या हातात दिली. त्यांनी ती खिशात टाकली आणि चौकोनाच्या बाहेर उभी राहा, उजेड अडतो, असे मला सांगितले. पेटीला कुलूप लागल्यापासून त्यांनी मला हुकूम सोडण्याची ही पहिलीच वेळ होती. तंत्रशाळेला मी फोन करून कळवले, की पेटी वापरात आहे. दुपारच्या चहापर्यंत एक्सल सुलटा झाला. चिठ्ठी एकही नव्हती. गाडी फाटकापर्यंत गेली, वळली आणि परत आली. किती सेकंदांत ते मी मोजले नाही; मला कोणी सांगितले नव्हते.

एवढ्यावर हे संपायला हवे होते. पण धडक बसलेल्या दाराचे काय नुकसान झाले ते पाहणे माझे काम होते, म्हणून मी मागे गेले. ते पत्र्याचे दार आम्ही अकरा वर्षांत उघडलेले नाही, अशी माझी समजूत होती. दाराला पोचा आला होता; त्यापलीकडे काही मोडले नव्हते. कडी काढलेली होती. बिजागऱ्या करकरल्यादेखील नाहीत. मी बोट लावून पाहिले. दोन्ही बिजागऱ्यांना बेअरिंगांना लावतात तेच पिवळे ग्रीस भरपूर लावलेले होते आणि त्या ग्रीसवर धुळीचा जाड थर बसला होता. तीन आठवड्यांत इतकी धूळ बसत नाही. आमचे काम सुरू होऊन तीनच आठवडे झाले होते.

ग्रीसचा तो डबा पेटीत असतो. पेटीला कुलूप लावले त्या दिवशी याच बिजागऱ्या कोरड्या आणि गंजलेल्या होत्या; तशी नोंद माझ्या वहीत आहे. त्याआधीचे चार महिने पेटीला कुलूप होते. कुलूप तेच आहे, फोडलेले नाही. मी भिंगाखाली पाहिले. किल्ली एकच आहे आणि ती त्या सबंध काळात माझ्या गळ्यातल्या साखळीत होती. सासऱ्यांना विचारले तर ते "बरं" म्हणतात.