शिडावर बसलेले झिपरूनाना

फडफडणारं कापड झिपरूनानांना बघवत नाही. मग ते दोरीवरचं लुगडं असो, नाहीतर पंख्याखालचा आमचा टेबलक्लॉथ. नाना उठतात आणि त्यावर वजन ठेवतात. एका लग्नात मंडपाची कनात हलत होती, तर त्यांनी तिच्या काठावर नवरदेवाच्या मामाला बसवलं. मामा जेवणाची पंगत उठेपर्यंत बसून होते.

याचं कारण मिरची. नंदुरबारबाहेर नानांची पथारी आहे, म्हणजे लाल मिरची वाळवायचं मोकळं रान. आभाळ आलं की मिरचीवर ताडपत्री ओढायची आणि ती वाऱ्याला उडवू द्यायची नाही, यात त्यांचा जन्म गेला. नानांची बायको, म्हणजे आमची काकी, वारल्यापासून वारा सुटला की हाक मला येते. "मास्तर, टोक धर, टोक."

मी शेजारी, शाळेत भूगोल शिकवणारा. कुरकुरत जातो. बहुतेक वेळा मिरची उघडी राहते आणि ताडपत्रीखाली मी झाकला जातो. तरी आपण म्हाताऱ्यावर उपकार करतो, असा माझा समज होता.

यंदा हंगाम संपल्यावर मी नानांना मालवणकडे समुद्रावर नेलं. आमची पाण्याशी ओळख सारंगखेड्याच्या पुलावरून दिसणाऱ्या तापीपुरती. पण मी मोबाईलवर शिडाच्या होड्यांचे व्हिडिओ पाहिले होते, त्यामुळे स्वतःला अर्धा खलाशी समजत होतो. इंजिनाची बोट नको म्हणून हट्टाने एक छोटी शिडाची होडी अर्ध्या दिवसासाठी भाड्याने घेतली. नाखवा सोबत येणार म्हटल्यावर मला जरा अपमानच वाटला.

किनारा मागे पडला. मी मतलई वारे समजावून सांगत होतो, नाखवा सौजन्याने ऐकत होता. तेवढ्यात खरा वारा आला आणि शीड फडफडलं.

"मास्तर, टोक धर!"

नानांनी झेप घेतली, शीड चढवायचा दोर सोडला, शीड खाली ओढलं आणि ते त्यावर मांडी घालून बसले. आणि मी, भूगोलाचा शिक्षक, सवयीने दुसरा काठ धरून पालथा पडलो. होडी जागच्या जागी गिरकी घेऊ लागली.

"वारो भरूचो म्हणान शीड लावलंय," नाखवा म्हणाला, "आणि तुम्ही त्येच्यार बसलास?"

त्याने शीड पुन्हा चढवलं आणि नानांना गप्प बसवायला शिडाच्या टोकाचा दोर त्यांच्या हातात दिला. "ह्यो धरून ऱ्हवा. सोडू नकात." शीड भरलं, होडी धावू लागली. नानांनी तो दोर जरा ओढून बघितला.

"याले एकच मानूस पुरस, मास्तर," ते म्हणाले.

"मग बरंच आहे की."

"बरं कसानं? जलमभर समोरलं टोक तुन्ही काकी धरे." त्यांनी दोर मुठीत घट्ट केला. "मिरची तं दगड ठेईसन मी एकला बी झाकी लेस. तुन्हा काय उपेग शे? पन समोर कोनी टोक धरेल ऱ्हायनं म्हंजे बरं वाटस. म्हनीसन हाका मारस."

माझे सगळे उपकार समुद्रात बुडाले. मी सरकत त्यांच्यासमोर जाऊन बसलो आणि तोच दोर धरला.

"दोघां कशाक?" नाखवा म्हणाला. "एकट्यान धरला तरी पुरे."

"असू दे," मी म्हणालो.