डाग काढलेलं कार्ड

सही केलेलं कार्ड कसं जपावं हे आमच्या अख्ख्या शहरात एकाच माणसाला कळतं, आणि तो माणूस मी आहे. गर्वाने सांगत नाही. बाकीच्यांची कार्डं बघितली आहेत म्हणून सांगतो.

लोकांना वाटतं, खेळाडूचा फोटो आहे, खाली त्याची सही आहे, झालं काम. अहो, सही काय, पेन हातात दिलं की कुणीही करतो! कार्डाला मान मिळतो तो त्याच्या कंडिशनमुळे. चारही कोपरे टोकदार हवेत, कडा पांढऱ्या हव्यात, आणि उजेडात तिरपं धरलं तर ओरखडा दिसता कामा नये. मी माझी कार्डं सुती हातमोजे घालून हाताळतो. बायको म्हणते, "आपल्या मुलीलासुद्धा तुम्ही कधी इतकं जपून उचललं नाहीत." आता हिला काय सांगणार? मुलीचे कोपरे दुमडत नाहीत.

आणि दुसऱ्या टोकाला माझा धाकटा साडू. हा पाण्याचे पंप दुरुस्त करतो. हात कायम ग्रीसने माखलेले आणि त्याच हातांनी आल्यागेल्याला कार्डं दाखवतो. सगळा संग्रह बिस्किटांच्या डब्यात, वरून रबरबँड. मी एकदा त्याला समजावलं, "अरे बाबा, रबरबँडने कडांना खाचा पडतात."

"पडू दे की, दादा. सुटी होऊन हरवत तर नाहीत," तो म्हणाला.

गाढवाला गुळाची चव काय, म्हणतात ते उगाच नाही.

दुर्दैव असं, की या माणसाकडे आणि माझ्याकडे एक कार्ड अगदी सारखं आहे. आमचे सासरे तरुणपणी फुटबॉलचे वेडे. त्या काळी एक गोलकीपर होता, लोक त्याला 'भिंत' म्हणायचे. एकदा अंतिम सामना चिखलात खेळला गेला. तो संपल्यावर सासऱ्यांनी कठड्यावरून दोन कार्डं पुढे केली आणि भिंतीने दोन्हींवर सही केली. हा प्रसंग मी इतक्यांदा ऐकला आहे, की चिखल माझ्याच पायांना लागलाय असं वाटतं. पुढे सासऱ्यांना दोन जावई मिळाले आणि जावयांना एकेक कार्ड मिळालं. म्हाताऱ्याने आयुष्यात दाखवण्यासारखी तेवढीच एक गोष्ट केली होती आणि ती आमच्या हवाली केली.

साडूच्या कार्डाचं काय झालं ते विचारू नका. एक कोपरा कुत्र्याने चावलाय, मधोमध घडी पडली आहे. माझं मात्र नव्यासारखं. फक्त खाली डाव्या बाजूला एक तपकिरी डाग होता, शर्टाच्या बटणाएवढा. सासऱ्यांनी दिलं तेव्हापासूनचा.

यंदा आमच्या संग्राहक मंडळाने वार्षिक प्रदर्शनाला साक्षात भिंतीलाच बोलवायचं ठरवलं. मधल्या काचपेटीत त्याच्याच सहीचं कार्ड ठेवायचं. मधली काचपेटी म्हणजे काय ते बाहेरच्या माणसाला कळायचं नाही. तिच्यावर वेगळा दिवा असतो. पाहुणा आधी तिथे येतो, फोटो तिथेच निघतो. कार्डं दोनच होती, माझं आणि साडूचं. सासरे म्हणाले, "दोघांपैकी कुणाचंही लागू दे. मला तेवढं त्याच्यासमोर उभं करा. बघू ओळखतो का."

कुणाचंही! त्या कुत्र्याच्या उष्ट्या कार्डाशी बरोबरी!

मी रविवारी दुपारी टेबल पुसलं, भिंग घेतलं, चित्रकार वापरतात तसलं मऊ रबर आणलं आणि डागाला भिडलो.

बायको मागे येऊन उभी राहिली. "अहो, बाबांनी दिलं तेव्हा तो डाग होताच. कशाला हात लावताय?"

"तुला त्यातलं कळत नाही," मी म्हणालो. हे वाक्य मी घरात बऱ्याचदा वापरतो.

तासाभरात डाग गेला. सहीला धक्का नाही, कागद खरवडला नाही. सर्जनने माझ्याकडे शिकायला यावं असं काम!

मंडळात कार्डांची तपासणी एक दातांचे डॉक्टर करतात. मंडळातल्या एकाही माणसाला अक्कल नाही, पण निदान यांच्याकडे डोळ्यांवर लावायचं भिंग आहे. त्यांनी साडूचं कार्ड चिमट्याने उचललं आणि चुकचुकले. "हे मुळापासून गेलंय. ठेवण्यात अर्थ नाही." मग माझं बघितलं. बराच वेळ बघितलं. "इतकं स्वच्छ मी आजवर पाहिलं नाही," ते म्हणाले. "किती वेळा ब्रश करता?" हा त्यांचा विनोद होता. मी हसलो, कारण काचपेटी मला मिळाली होती.

साडूचं तोंड पडेल म्हणून मी वळून बघितलं. तो कार्ड शर्टाच्या खिशात टाकून खुर्च्या मांडायला निघून गेला होता. स्वाभिमान नावाची गोष्ट नाहीच.

प्रदर्शनाच्या दिवशी वाचनालयाचा हॉल भरला. सासरे नवा सदरा घालून पहिल्या रांगेत, दोन्ही बाजूंना दोन मुली. भिंत आली. आता ती बरीच खचली होती, हातात काठी होती, पण दारातून आत येताना अजून वाकावं लागत होतं. चिटणिसांनी आपलं भाषण मध्येच घुसवलं, ते सोडून देतो. शेवटी पाहुण्यांना काचपेटीपाशी आणलं. मी शेजारी उभा होतो, फोटोत येईन असा.

भिंतीने वाकून बघितलं. चष्मा बदलून पुन्हा बघितलं.

"ही माझी सही नाही," तो म्हणाला.

चिटणीस हसले. त्यांना वाटलं पाहुणे गंमत करताहेत.

"आमच्या राखीव गोलकीपरची आहे," तो शांतपणे सांगू लागला. "लोक फार मागे लागायचे, मी दमलेला असायचो, मग तो माझ्या नावाने सह्या करायचा. हुबेहूब करायचा. पण मी कार्ड डाव्या हातात धरून उजव्याने सही करायचो. सामना संपलेला, हातमोजे भिजलेले, हात चिखलात. प्रत्येक कार्डावर माझा अंगठा उमटायचा. तो बिचारा सामनाभर बाकावर बसलेला. त्याने केलेली कार्डं अशी लख्ख असतात."

मग त्याने शेजारी खुर्ची सरकवत असलेल्या साडूच्या खिशातून अजूनही डोकावणारं कार्डाचं टोक बघितलं, म्हणाला, "ते काय आहे?" आणि बाहेर काढायला लावलं. घडी पडलेलं, कुत्र्याने चावलेलं ते ध्यान त्याने तळहातावर घेतलं आणि खाली डाव्या बाजूच्या तपकिरी डागावर आपला अंगठा ठेवला.

"हे माझं," तो म्हणाला.

लोकांनी टाळ्या वाजवल्या. मी पण वाजवल्या. न वाजवून काय करतो?

पण सासरे उठून उभे राहिले होते. "अहो, दोन्ही तुम्हीच केलीत," ते म्हणाले. "माझ्यासमोर. मी कठड्यावर होतो."

"होतं असं, भाऊ," भिंत समजुतीने म्हणाली. "तो दिसायला माझ्यासारखाच होता. गर्दीत तुम्हाला कळलं नसेल."

सासरे खाली बसले. जी गोष्ट त्यांनी दोन मुलींना, दोन जावयांना, दूधवाल्याला, दवाखान्यातल्या नर्सला सांगितली, ती अर्धी खोटी आहे असं त्यांना भर सभेत कळलं होतं. नवा सदरा त्यांच्या अंगावर एकदम मोठा दिसायला लागला. बायको माझ्याकडे बघत होती.

"डाग होता," मी म्हणालो.

"काय?"

"या कार्डावर पण डाग होता. मी काढला."

"काढला?" भिंतीचा आवाज पहिल्यांदाच चढला. "कशाने?"

"रबराने."

दातांचे डॉक्टर ताबडतोब म्हणाले, "मी फक्त तपासणी केली होती." माणूस कसला तो!

भिंत माझ्याकडे बघत राहिली. पेनल्टी घेणाऱ्यांना काय वाटत असेल ते मला कळलं. मग तो हसला, आणि माझ्या मते तिथेच सगळं निभावलं होतं. "पेटी उघडा," तो म्हणाला. "त्यात काय, पुन्हा उमटवू." व्यासपीठावर एक शोभेची कुंडी होती. तिला नुकतंच कुणीतरी पाणी घातलं होतं. त्याने अंगठा मातीत खुपसला आणि तो निथळता अंगठा घेऊन माझ्याकडे आला.

मी कार्ड पुढे धरलं होतं. शपथेवर सांगतो, पुढेच धरलं होतं. पण तो ओला चिखल त्या पांढऱ्या कडेपासून बोटभर अंतरावर आला, आणि माझे हात आपोआप मागे आले. कार्ड छातीशी. अंगठा माझ्या शर्टावर.



सासरे पुन्हा उठले, कुणाचा हात न धरता माझ्यापर्यंत आले. "जावईबापू," ते म्हणाले, "ते इकडे द्या."

मी दिलं. त्यांनी ते स्वतः धरलं, भिंतीने त्यावर अंगठा दाबला, चांगला जोर लावून. "कठड्यावर होतात ना तुम्ही?" त्याने विचारलं. "होतो," सासरे म्हणाले, आणि त्यांचा चेहरा असा फुलला की फोटोवाल्याने तोच फोटो काढला. मी त्यात नाही. मग त्यांनी ते कार्ड माझ्याकडे न देता धाकट्या जावयाकडे दिलं. "दोन्ही तुमच्याकडेच राहू देत," ते म्हणाले.

माझी चूक झाली, नाही म्हणत नाही. घरी गेल्यावर ती मला सविस्तर समजावून सांगण्यात आली. पण एवढं बोलतोच, कारण बाकी कुणाच्या लक्षात आलं नाही: साडूने कार्ड घेतलं, ते कोपऱ्याला धरून घेतलं.