जिवाणूचा रहिवासी दाखला

प्राणिसंग्रहालयाच्या वटवाघूळ कक्षात एकोणीस वटवाघळं होती आणि त्यांतल्या सात जणांच्या अंगात ताप होता. कागदोपत्री मात्र सगळी ठणठणीत होती, कारण त्यांच्या आजारपणाला अद्याप मंजुरी मिळाली नव्हती. कक्षाचे राखणदार मामा रोज सकाळी 'सर्व क्षेम' या छापील रकान्यापुढे सही करत आणि मग आत जाऊन म्हातारीचा जबडा बघत. म्हातारी ही तिथली सर्वांत जुनी मादी. तिच्यावर मामांचा फार जीव. जबडा सुपारीएवढा सुजला होता.

"पू झालाय, मामा," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "जिवाणूंचा संसर्ग. औषध फ्रीजमध्येच आहे, पाच दिवसांत सूज उतरेल."

"मग द्या की, मॅडम!"

"अहवाल आल्याशिवाय बाटली उघडली तर माझी नोकरी जाईल."

प्रयोगशाळेने जिवाणू तीन दिवसांत ओळखला, पण अहवाल रोखून धरला. अर्जातला एक रकाना कोरा होता: 'जिवाणू बंदिस्त की वन्य?' प्रश्न रास्त होता. जाळीबाहेरच्या झाडावर दोनशे रानटी वटवाघळं लटकत आणि तीही खंगत चालली होती. जाळीच्या आतले रुग्ण प्राणिसंग्रहालयाचे, बाहेरचे वनखात्याचे. साहजिकच संयुक्त समिती नेमावी लागली.

समिती तोंडाला फडकी बांधून झाडाखाली तासभर उभी राहिली. प्राणिसंग्रहालयाचे अधीक्षक म्हणाले, रोग बाहेरून आला. वनाधिकारी उखडले. "आमच्या वटवाघळांना आजार होतच नाहीत, साहेब. आमच्या नोंदवहीत दोनच रकाने आहेत. जिवंत आणि मृत." तेवढ्यात वरून एका वटवाघळाने फाइलीवर आपला अभिप्राय टाकला, पण तो इतिवृत्तात घेतला गेला नाही.

शेवटी ठरलं, की जिवाणूने आपला रहिवासी दाखला सादर करावा. जाळीला दोन नोटिसा डकवूनही तो हजर राहिला नाही, तेव्हा प्रत्यक्षदर्शीचा शोध सुरू झाला.

"मामा, ड्यूटीवर तुम्हीच होता ना? कुठून आला तो?" अधीक्षकांनी विचारलं.

"साहेब, तो डोळ्यांना दिसत नाही."

"चष्म्याचा नंबर कधी तपासलाय?"

एव्हाना चार वटवाघळं दगावली होती. त्यामुळे आजाऱ्यांची संख्या सातावरून तीनवर आली आणि आरोग्यात झालेल्या लक्षणीय सुधारणेबद्दल कक्षाला प्रशस्तिपत्र मिळालं. ते चौकटीत बसवून दाराशी टांगलं गेलं. ते पाहून मामांच्या तळपायाची आग मस्तकात गेली. त्यांनी कागद मागवला आणि लिहून दिलं: 'सदर जिवाणू मी स्वतः पाहिला. सकाळी सव्वादहा वाजता बाहेरून जाळीतून आला. घाईत होता.'

त्याच दिवशी अहवाल सुटला, औषध मंजूर झालं. आणि घुसखोर डोळ्यांदेखत आत शिरत असताना त्याला न अडवल्याबद्दल मामा निलंबित झाले. कक्षात पाऊल ठेवायलाही बंदी.

नव्या राखणदाराने औषध पुढे केलं की म्हातारी तोंड फिरवायची. परक्या हातचं ती काही घेत नसे. दोन दिवस नोंदवहीत 'औषध देऊ केले' असं सुवाच्य अक्षरात लिहिलं गेलं.

तिसऱ्या दिवशी मामा तिकीट काढून प्रेक्षकांच्या गर्दीतून आले. डॉक्टरीणबाईंनी औषध लावलेला केळ्याचा तुकडा त्यांच्या मुठीत ठेवला आणि स्वतः बाहेरच्या झाडाचं फार बारकाईने निरीक्षण करू लागल्या. मामांनी जाळीपाशी हात नेऊन हाक मारली. म्हातारी एकेक नखी पुढे टाकत सरकत आली. तिने तोंड उघडलं.

"ओ काका! पाटी वाचता येत नाही का? प्राण्यांना खायला घालू नये, लिहिलंय ना?"

गर्दी वळली. दोघांनी मोबाइल काढले. पहारेकरी धावत आला आणि मामांना दंडाला धरून फाटकाकडे घेऊन गेला. तुकडा जाळीबाहेरच पडला. म्हातारी बराच वेळ तोंड उघडं ठेवून तशीच लटकत राहिली. दुसऱ्या दिवशी आजाऱ्यांची संख्या दोनवर आली.

ओरडणारा गृहस्थ कुठल्याच खात्यात नव्हता. साधा, सरळमार्गी, मुलाबाळांना घेऊन सुट्टीला आलेला माणूस. "आपण नाही बोलायचं तर कोणी बोलायचं?" तो बायकोला म्हणाला. आणि त्याच्यामागे उभे असलेले तुम्ही मान डोलावून म्हणालात, "अगदी बरोबर केलंत."