दयाळाचं बाळंतपण

खोडदचे गेनूभाऊ पाखरांवरून भाकरतुकडा ओवाळून टाकतात. त्यांच्या गोठ्याच्या भिंतीवर मी टांगलेल्या लाकडी पेटीत दयाळाची मादी पहिल्यांदा शिरली, तेव्हा ते हातात भाकरी आणि तांब्या घेऊन खाली उभे होते. "माहेराला आली बाई. पयलं बाळंतपण आसंल," म्हणाले.

मी पुण्याहून पीएचडी करायला आलो होतो. प्लास्टिकातून, फवारणीतून पाण्यात उतरणारी काही रसायनं शरीरातले हार्मोन बिघडवतात. गाणाऱ्या पाखरांच्या पिल्लांवर त्यांचा काय परिणाम होतो, हे मला तपासायचं होतं. निम्म्या पिल्लांना रसायन मिसळलेल्या तेलाचा थेंब अळीवर टाकून भरवायचा, निम्म्यांना नुसत्या तेलाचा, आणि रोज वजन करायचं. रसायनाच्या बाटलीला लाल दोरा, साध्या तेलाच्या बाटलीला पांढरा. इतका चोख बेत आखणाऱ्या शास्त्रज्ञाला शिडीवर चढलं की घेरी येते, एवढंच अर्जात लिहायचं राहून गेलं होतं.

त्यामुळे वर गेनूभाऊ आणि खाली शिडी धरून मी. "घ्या पावणं, लाजू नका," असं प्रत्येक पिल्लाला म्हणत ते अळी भरवत आणि वजन ओरडून सांगत. मी ते सुवाच्य अक्षरात लिहून घेई. पलीकडे खोडदच्या रेडिओ दुर्बिणीच्या अजस्र तबकड्या पार आकाशातलं ऐकत होत्या. मला शिडीच्या वरच्या टोकाचं काही कळत नव्हतं.

मोसम संपला. दोन्ही गटांतली पिल्लं सारखीच गुटगुटीत. रसायनाचा काडीचाही परिणाम नाही! जगाला हादरवणारा निष्कर्ष हाती आला म्हणून मी दोन दिवस आरशासमोर भाषण करत होतो. तिसऱ्या दिवशी सामान बांधताना बाजरीच्या कणगीमागे रसायनाची बाटली सापडली. सील शाबूत. तिचा लाल दोरा गेनूभाऊंनी घरातल्या गोडेतेलाच्या बाटलीला बांधला होता.

मी भडकलो. माझं अख्खं वर्ष गोडेतेलात गेलं होतं.

"बाळंतिणीच्या लेकरास्नी माज्या हातानं इख घालू व्हय?" ते म्हणाले. मग बाटलीचा तो दोरा सोडून त्यांनी बोटाला गुंडाळला. "आमची मीरा पयल्या बाळंतपणाला आली न्हाई. म्हणली, आबा, गावाकडं फवारणीचा लई वास, बाळाला बाधंल. आता पुन्यांदा दिवस गेल्यात. आय न्हाई तिला, पर मला डिंकाचं लाडूबी येत्यात. म्हणलं, हितली पिल्लं धडधाकट हायेत आसा सायबाचा कागद धाडला, तर यील."

माझा राग कुठच्या कुठे गेला. पण तसा कागद देता येईना. पिल्लांच्या पोटात रसायन गेलंच नव्हतं; मग तिची भीती खोटी आहे असं मी कुठल्या तोंडाने लिहिणार होतो? मला फार वाईट वाटलं, आणि ते मी त्यांना सांगितलंही.

गेनूभाऊंनी फोन लावला. "मीरे, तू म्हणतीस ते खरं आसंल. नको यिऊस. मीच येतो."

तिला मुलगी झाली, त्या दिवशी मी मुद्दाम परत येऊन नारायणगावच्या स्टँडवर त्यांना पुण्याच्या एसटीत बसवलं. मांडीवर लाडवांचा डबा आणि फडक्यात बांधलेली भाकरी होती. फडक्याला लाल दोरा होता.